तिसऱ्या पायरीवरची मुलगी

पाली

पालीला उतरायचं मला काहीच कारण नव्हतं. कोल्हापूरहून देवरूखला जायचं तर साखरप्याला उतरावं लागतं, आणि तिथे माझ्यासाठी ठरवलेली गाडी घेऊन सलीम नावाचा ड्रायव्हर उभा होता. पण आंबा घाट उतरताना माझा डोळा लागला, तो थेट पालीच्या बाजारात उघडला. मी कंडक्टरला चार शब्द सुनावले. तो शांतपणे म्हणाला, "आजी, दोनदा हाक मारली. तुम्ही डोळे न उघडता हात हलवून 'बस खाली' म्हणालात." एकतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. तो हात अजून झोपेतही वर्ग सांभाळतो, त्याला मी काय करू?

सलीम येईपर्यंत स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. वाईट नव्हती. पण रस्सा बघून मला त्या मालकाची कीव आली, इतका तो सोज्वळ होता. मी तसं बोलून दाखवलं, तर मालक म्हणाला, "कोल्हापूरच्या काय तुम्ही? सगळे असंच म्हणतात आणि सगळे दुसरा पाव मागतात." मी दुसरा पाव तोपर्यंत मागितला होता.

वाट बघता बघता पिशवीतला फोटो परत एकदा बाहेर काढला. या फोटोपायीच मी निघाले होते. मुंबईत गावोगावच्या जुन्या रंगवलेल्या पडद्यांचं एक प्रदर्शन भरायचं होतं. नाटकाच्या मागे सोडतात ते पडदे: राजवाडा, जंगल, रस्ता, नदीचा घाट. केतकी नावाची तरुण मुलगी त्याची मांडणी करत होती, आणि पडद्यांची जाण असलेली म्हणून तिने मला गाठलं होतं. ती फोटो पाठवायची, मी घरी बसून सांगायची की हा कुठल्या पद्धतीचा, कापड कुठलं, रंग कुठला. एक दिवस तिने देवरूखच्या वरच्या एका गावातल्या नदीघाटाच्या पडद्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "चित्रकार अज्ञात".

मी तो बघितला आणि खुर्चीतून उठले. घाटाच्या पायऱ्या! प्रत्येक पायरीची कड उजळ, खाली सावलीची एक बारीक ओळ, आणि तिच्या खाली पुन्हा एक फिकी ओळ. ही तिहेरी ओळ माझ्या वडिलांची. दिनकर पेंटर म्हणून ते आमच्या पेठेत ओळखले जायचे. दुकानांच्या पाट्या, नाटकांचे पडदे, गणपतीच्या मागची आरास, सगळं त्यांनी केलं. मी पाच-सहा वर्षांची असताना ते पडद्याच्या कामाला कोकणात गेले होते, एवढं मला नक्की आठवतं. त्यांचा एकही पडदा आज शिल्लक नाही. काही वाळवीने खाल्ले, काही मांडवावर ताडपत्री म्हणून गेले. माझ्या बापाने आयुष्यभर केलेल्या कामातलं दाखवायला माझ्याकडे एका पिठाच्या गिरणीची पाटी तेवढी उरली आहे.

आणि त्या फोटोत तिसऱ्या पायरीवर एक लहान मुलगी बसलेली होती. हिरवा परकर, हातात काहीतरी पांढरं. मी माझ्या वहीत टिपण केलं, "मुलगी, हातात तांब्या". केतकीला मी सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही, पण मनात धरून चालले होते की ती मुलगी मी आहे.

"मॅडम, तुम्ही म्हणाल तर नाव घालू," केतकी म्हणाली होती, "पण शनिवारी सगळ्या पाट्या छापायला जातायत. एकदा स्वतः बघून या." म्हणून बुधवारी सकाळी मी निघाले, आणि पालीला पोचले.

सलीम आला तो चाळिशीचा, दणकट, कानामागे पेन खोचलेला. बारा वर्षं आखातात टगबोटीवर काढून आता देवरूखला गाडी चालवत होता. मूळ घर खाडीकाठचं. गाडीत बसता बसता म्हणाला, "बाई, साखरप्याला उतरायचा व्हता तुमी."

"माहीत आहे."

"नाय, पुढच्या टायमाला म्हणून सांगतो."

देवरूखच्या वर

गावाचं नाव मी लिहीत नाही. गावकऱ्यांनीच तसं बजावलं आहे: पडदा एक आणि बघायला येणारे पन्नास, सगळ्यांना चहा कोण करणार? भातकापणी होऊन गेली होती. खाचरं मोकळी, घरांच्या मागे पेंढ्याच्या उडव्या, आणि तांबड्या चिऱ्याच्या पाखाड्यांवरून, म्हणजे पायऱ्यांच्या वाटांवरून, खाली-वर करणारी माणसं. आमच्याकडे माणूस चालतो, इथे माणूस चढतो नाहीतर उतरतो. माझ्या गुडघ्यांनी पहिल्या पाखाडीलाच निषेध नोंदवला.

देवळाशेजारी चिऱ्याचा रंगमंच होता. मंगलोरी कौलांचा, तिन्ही बाजूंनी भिंत, समोरून उघडा. रामभाऊ गुरव किल्ली घेऊन आले. वय साठीच्या आसपास, अंगात बंडी. त्यांनी कुलूप काढलं, आत माळ्यावर ठेवलेली ती लांबलचक गुंडाळी दाखवली, आणि बाहेर येऊन स्वस्थ बसले.

"उघडायचा ना?" मी विचारलं.

"उघडू की. पण गाराना घालाया लागंल. शिमग्याबिगर पडदा सोडायचा तर देवाला सांगाया नको?"

गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने, सगळ्यांसमोर, नावगाव घेऊन सांगणं. आमच्याकडे देवाला नवस बोलतात तो मनातल्या मनात, शेजारणीला कळू नये अशा बेताने. इथे देव म्हणजे गावची सभाच. चार माणसं गोळा झाली, नारळ आला. रामभाऊंनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चौघं ओरडले.

"आज तुज्या दारात कोल्लापूरसून मास्तरीनबाई आल्या हायत!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येंचा म्हनना हाय, का हो पडदा त्येंच्या बापसाच्या हातचा हाय! आमाला काय ठावूक नाय! खरा काय ता तू त्येंना दाखव!"

"व्हय म्हाराजा!"

मी हात जोडून उभी होते, पण मनात थोडी फणकारलेच. दाखव काय? मला दिसतंय की. मात्र एक सांगते, आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझं काम देवापुढे इतक्या स्पष्ट शब्दांत मांडलं होतं. शाळेतल्या कुठल्या इन्स्पेक्टरलाही ते जमलं नव्हतं.

पडदा सोडला. मांजरपाटाचे पाच पट्टे एकमेकांना शिवलेले, खालच्या कडेला जाडजूड वेळू. उंदराने एक कोपरा खाल्लेला. रंगात कालवलेल्या सरसाचा तो जुना कुबट वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आमच्या घराला माझं लग्न होईपर्यंत हाच वास होता. नदी, पलीकडे डोंगर, अलीकडे घाट, वर लहानसं देऊळ. पावडरीचे रंग जागोजागी उडाले होते, पण पायऱ्या, त्या पायऱ्या तशाच. मी हात लावला नाही, नुसती समोर उभी राहिले. मला फार अभिमान वाटला. मनात म्हटलं, अण्णा, सापडलात.

सही मात्र कुठेच नव्हती. मी चारी कोपरे भिंगाखालून बघितले. अण्णा तर गिरणीच्या पाटीवरसुद्धा उजव्या कोपऱ्यात वळणदार सही करत. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणत, पीठ तुमचं, अक्षर माझं.

"नाव गावणार नाय," रामभाऊ म्हणाले. "देवाला दिलेल्या वस्तूवर नाव घालायचा नसता. ती घंटा बगा, समई बगा. कोनाचाच नाव नाय. मी तवा पाळन्यात व्हतो, ज्येंना ठावूक व्हता ती सगली गेली. आई सांगायची तेवढा एक ठावूक हाय, का पडदा काढताना रंगाऱ्याला ताप भरला, आनि तो म्हैनाभर आमच्याच घरात व्हता. ती त्याला पेज घालायची."

बरोबर, मी म्हटलं. अण्णा कोकणातून आले तेव्हा बारीक झाले होतेच. खरं तर अण्णा जन्मभर बारीकच होते. पण त्या घटकेला मला ताप पटला, पेजही पटली.

इतका वेळ मागे उभा असलेला सलीम पुढे आला. "बाई, हा मचवा बगितलात?"

नदीत एक शिडाचा मचवा होता. तो मी फोटोतही बघितला होता, आणि खरं सांगायचं तर बघून पुढे गेले होते.

"ह्याच्यात कौलं भरलेली हायत. दिसत नायत, पण मचवा बगा किती खाली बसलाय. रिकामा असता तर बुडाचा पट्टा वर दिसला असता. आनि ही परबाण," त्याने शिडाच्या आडव्या काठीकडे बोट केलं, "हिची दोरी बगा कशी घेतलेय. ह्ये काढणारा मानूस मचव्यावर झोपलेला हाय, बाई. आनि नाळेवर, ह्या पुढच्या टोकावर, ह्ये सहा पाकळ्यांचा फूल, एक पाकळी तांबडी. ह्ये आमच्या खाडीतला. आमच्याकडं अजून एकदोन जुन्या होड्यांवर हाय."

"माझ्या वडिलांनी बघून काढलं असेल," मी जरा जोरातच म्हणाले.

"असंल," तो म्हणाला, आणि परत मागे जाऊन उभा राहिला.

दुपारी रामभाऊंच्या घरी कुळथाची पिठी, उकडा भात आणि भाजलेला पापड. घरच्या वहिनींनी तिसऱ्यांदा भात वाढला तेव्हा मी पान झाकलं, तर त्या म्हणाल्या, "घाटावरची मानसा भाकरीच खातात, भात त्येंच्या पोटात मावत नाय." भात मावत होता. डोळ्यांसमोरून तो मचवा हलत नव्हता.

जेवणानंतर मी एकटी परत रंगमंचावर गेले आणि भिंग घेऊन त्या मचव्यापाशी बसले. सगळ्या पडद्याचा रंग पिठासारखा सुटला होता, बोट लावलं तर हाताला यावा असा. फक्त मचव्याचा हिरवा रंग टवटवीत होता, आणि त्याला आडव्या बारीक चिरा होत्या. हा तेलरंग होता. लाकडावर लावायचा. होडीचा.

गुंडाळायच्या पडद्यावर तेलरंग लावायचा नाही, तो तडकतो, हे मला सातव्या वर्षी ठाऊक होतं. अण्णांनी एकदा त्यापायी एका हाताखालच्या माणसाला दुकानाबाहेर काढलं होतं. आणि होडी! अण्णांना होडी येत नसे. पंचगंगेवरची नाव काढली तरी ती पाण्यावर ठेवलेल्या परातीसारखी दिसायची, आणि आई हसायची. तेच म्हणायचे, "जे आपण बघितलं नाही ते रंगवू नये. लोकांना फसवता येतं, ब्रशला येत नाही." शेवटी शेवटी ते घाटच काढायचे, नदी रिकामी ठेवायचे.

हे सगळं मला कोल्हापुरातच ठाऊक होतं. फोटोत मचवा होताच. मी तो बघायचा नाही असं ठरवलं होतं.

संध्याकाळी देवरूखच्या लॉजवर केतकीचा फोन आला. "झालं ना मॅडम? दिनकर पेंटर घालू? तुमच्याइतकं या विषयातलं दुसरं कुणाला कळतंय? तुम्ही हो म्हणा, की झालं."

खरंच एवढंच होतं. मी हो म्हटलं असतं तर जगात कुणी मला विचारलं नसतं. मुंबईत, एवढ्या मोठ्या जागी, माझ्या बापाचं नाव लागलं असतं. मी तिला म्हटलं, "उद्यापर्यंत थांब." आणि सलीमला विचारलं, ते फूल काढणारं तुमच्याकडे कोण होतं?

"इब्राहिम होडेकर. पन तो मी जन्मायच्या आदीच गेला. त्याची मुलगी हाय, हाजरा फुफी, सगळ्या गावाची आत्या. पन बाई," तो हसला, "तुमी तिला इचारायला जाताय, का ती नाय म्हनंल म्हणून जाताय?"

मी त्याला सकाळी लवकर गाडी काढायला सांगितलं.

खाडीकाठी

गुरुवारी सकाळी जयगडला गाडीसकट फेरीबोटीत चढलो. ज्या शास्त्री नदीच्या उगमाकडच्या डोंगरांत आम्ही काल होतो, तीच इथे खाडी होऊन पसरली होती. सलीमने कठड्याला टेकून सांगितलं की पूर्वी मचवे इथून आत संगमेश्वराकडे जात. जाताना कौलं आणि मीठ, येताना लाकूड. मी त्या रुंद पाण्याकडे बघत राहिले. घाटावरून कुणी चित्रकार आला असेल असंच मी धरून चालले होते. खालून, पाण्यावरून कुणी वर गेलं असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. आम्हा घाटावरच्यांना वाटतं की कला नेहमी घाट उतरून खाली येते.

वेळणेश्वर तिथून फार लांब नव्हतं. इतकं जवळ जाऊन दर्शन न घेता आल्याबद्दल माझी वहिनी अजून बोलते. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

हाजराबींचं घर माडांच्या मागे, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, डोळ्यांत सुरमा, डोक्यावरून घेतलेली पांढरी ओढणी. सलीमने माझी ओळख करून दिली: "कोल्हापूरच्या बाई हायत, चित्रांचा बगतात." तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आधी जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण. पालीच्या मिसळीबद्दल जे बोलले ते या कालवणाबद्दल बोलायची माझी छाती नाही. डोळ्यांतून पाणी आलं आणि मी कोल्हापूरची असल्याचं विसरले.

मी फोटो मुद्दाम दाखवला नाही. साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालायचं नसतं. शाळेत खडू कुणी चोरला हे शोधताना मी हे शिकले. नुसतं विचारलं, "तुमचे वडील काय काय रंगवायचे?"

"नाळी रंगवायचा माजा बापूस. फुला काढायचा. बास."

"आणखी काही?"

ती सलीमकडे बघून म्हणाली, "ह्याच्यासमोर सांगाचा? ह्यो पन हसंल. माजं भाव जन्मभर हसले."

"नाय हसत, फुफी."

"एकदा कौलं घेऊन वर गेला व्हता, देवरूखकडं. थय आजारी पडला. मचवा परत आला, बापूस नाय आला. आमी रडून रडून मेलो. दीड म्हैन्यानं आला, हाडाची काडी झालेला. म्हनला, गुरवाच्या घरात पेज खाऊन जगलो. त्येंचा काय द्यायचा, म्हणून त्येंच्या देवाच्या नाटकाला नदी काढून दिली."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"कोनाला खरा वाटला नाय. माजं भाव म्हनायचे, बाबा नाळ रंगवतो, नदी कसली काढतोय? तापात दिसली असंल. बापूस म्हनायचा, पायऱ्या काढल्या. थय एक कोल्हापूरचा रंगारी बाजूच्या गावात कामाला व्हता, त्यानं येऊन पायऱ्या कशा काढायच्या ता शिकवला. एक उजेडाची रेघ, एक काळोखाची, खाली परत एक फिकी."

मी "काय?" म्हणून इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरचं मांजर पळालं. हाजराबी दचकली. मी तिला म्हटलं, सांगा, सांगा, थांबू नका.

"आनि म्हनायचा, तुला पन काढली हाय, हाजरा. तिसऱ्या पायरीवर बसवली हाय. तुजी कोंबडी पन दिली हाय तुज्या हातात." ती हसली. "माजी येक पांढरी कोंबडी व्हती, लंगडी. मी तिला खाली ठेवतच नसायची. बापूस वर जाताना मी तिला घेऊनच धक्क्यावर उभी व्हते. म्हनून तशीच काढली असंल. पन कोन बगणार? आमचा कोन गेला नाय थय. बापूस मेला तवा मी भावांना म्हटला, चला एकदा बगून येव. ते म्हनले, खुळी हाय."

मी पिशवीतून फोन काढला. त्यातला फोटो मोठा करून दाखवायचा होता, पण मला ते जमेना, सलीमनेच तो घेऊन मोठा केला. हिरवा परकर. पांढरं काहीतरी. मी त्याला तांब्या म्हटलं होतं, कारण आमच्याकडे घाटावरच्या मुलीच्या हातात तांब्याच असतो. पांढऱ्याच्या वर एक तांबडा ठिपका होता. तांब्याला तुरा नसतो.

हाजराबीने फोन दोन्ही हातांत धरला. मग सलीमला म्हणाली, "बग रे. मी खुळी नव्हते."

एकतीस वर्षं चित्रकला शिकवून माझ्या वहीत "तांब्या". आणि ही बाई न बघितलेलं चित्र साठ वर्षं तंतोतंत सांभाळून बसलेली. मला माझी लाज वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त जे वाटलं ते मला तिथे, त्या ओट्यावर, लपवता येईना. पायऱ्या अण्णांच्याच होत्या! शेजारच्या गावातून चालत येऊन, एका तापकरी खलाशाला त्यांनी आपली तिहेरी ओळ देऊन टाकली होती, जी ते दुकानातल्या माणसांनाही सहजासहजी दाखवत नसत. तो कोल्हापूरचा रंगारी अण्णाच असेल हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण ती ओळ दुसऱ्या कुणाची मी बघितलेली नाही.

मी तिथूनच केतकीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "लिहून घे. इब्राहिम होडेकर. खलाशी आणि होड्यांचे रंगारी."

"आणि दिनकर पेंटर?"

पायऱ्यांचं सांगावं, असं जिभेवर आलं होतं. पण जे मी बघितलं नाही ते कसं लिहू? "नाही," मी म्हटलं. "ते नको."

हे म्हणताना माझा आवाज कसा झाला असेल कोण जाणे, कारण हाजराबीने विचारलं, "कोन दिनकर, बाय?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, तिसऱ्या पायरीवर मी स्वतःला बसवलं होतं तेसुद्धा. तिने माझ्या पानात आणखी एक बांगडा वाढला.

परत वर

शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपल्यावर सलीमने गाडी काढली. हाजराबी जन्मात पहिल्यांदा देवरूखच्या वर निघाली होती. हिरवी साडी नेसली होती. मुद्दाम का, ते मी विचारलं नाही. पाखाडीवर तिने माझा हात धरला की मी तिचा, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

रामभाऊंना फोनवर सांगून ठेवलं होतं. या वेळी चार नव्हे, चांगली तीस-पस्तीस माणसं रंगमंचासमोर होती. रामभाऊ हाजराबीसमोर आले, हात जोडून म्हणाले, "आमच्या आयशीच्या हातची पेज खाल्लेली तुज्या बापसानं."

"पेजेत मीठ कमी व्हता म्हनायचा," हाजराबी म्हणाली, आणि सगळे हसले. रामभाऊ सर्वांत जास्त.

मी म्हटलं, आता तरी पडद्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात नाव घालू या. मी स्वतः लिहिते. माणसं एकमेकांकडे बघू लागली. रामभाऊ काही बोलायच्या आत हाजराबीच म्हणाली, "नको, बाय. बापसानं नाय लिवला, तर मी कोन लिवणार? मना फकस्त बगाचा हाय."

"लिवायचा नसता," रामभाऊ म्हणाले. "पन बोलायचा असता." आणि त्यांनी टॉवेल डोक्याला गुंडाळला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"परवा मास्तरीनबाईना खरा काय ता दाखव म्हनून तुला सांगितला व्हता! ता तू दाखवलास!"

"व्हय म्हाराजा!"

"हो पडदा इब्राहिम होडेकरान तुज्या पायाशी घातला! साठ वरसा आमी त्याचा नाव घेतला नाय, आमाला ठावूक नव्हता! आज त्याची ल्येक हाजरा तुज्या दारात उभी हाय! हेच्यापुढं दर शिमग्याला पडदा सोडताना त्याचा नाव तुज्या कानावर घालू!"

"व्हय म्हाराजा!" माझ्या शेजारी सलीमही ओरडला.

पडदा सुटला. हाजराबी पुढे गेली, पार जवळ, नाक कापडाला लागेल इतकी. तिने हात लावला नाही. तिला मी तसं सांगितलं नव्हतं. "पाय बगा," ती मागे वळून मला म्हणाली. "कोंबडीचा डावा पाय वाकडा काढलाय त्यानं." मी भिंग काढलं. वाकडा होता. बुधवारी अख्खी दुपार मी त्या पडद्यासमोर भिंग घेऊन बसले होते.

मला वाटलं झालं, नारळ फुटायचा आता. मी रुमाल शोधत होते. पण हाजराबी रामभाऊंपाशी जाऊन हळूच काही बोलली. त्यांनी मान हलवली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा आवाज चढवला.

"आनि बा देवा म्हाराजा! ह्या मास्तरीनबाईचा बापूस दिनकर पेंटर! त्येचा पडदा जंय कंय असंल, ज्या कोनत्या गावात असंल, तंय त्येचा नाव कोनतरी घेवंदे!"

मी मान खाली घातली. मंडळी म्हणाली, "व्हय म्हाराजा!" त्यात सगळ्यांत मोठा आवाज हाजराबीचा होता.